आधी ट्रान्झिस्टर, मग फ्यूज
(वाचकांचे प्रश्न : घरगुती इलेक्ट्रॉनिक्स)

गणपती जवळ आले की माझ्या टपालात अँप्लिफायरची पत्रं वाढतात. वर्षभर माळ्यावर पडलेली खोकी खाली येतात, कोणी नवं किट जोडतो, कोणी मंडळाच्या कपाटातला जुना पेटारा उघडतो, आणि मग काहीतरी जळतं. यंदा निवडलेली सगळी पत्रं एकाच दुखण्याची आहेत : जाऊ नये तिथून जाऊ नये इतका करंट गेला. इन्व्हर्टरवाल्यांनी आणि टीव्हीवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा.

प्रश्न : मॅडम, स.न.वि.वि. तपकीर गल्लीतून किट आणून अँप्लिफायर जोडला. सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्ट, आउटपुटला ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टरांची एक जोडी, दोघांच्या एमिटरला ०.२२ ओहमचे पांढरे सिमेंटचे रेझिस्टर. दोन्ही सप्लायला ५ अँपियरचा एकेक काचेचा फ्यूज. आठ ओहमच्या स्पीकरवर छान वाजत होता. मुलाच्या वाढदिवसाला स्पीकर सरकवताना मागच्या वायरी एकमेकींना चिकटल्या. मी लगेच सोडवल्या, तरी फट्ट आवाज आला, स्पीकरचा कागद पुढे येऊन तिथेच थांबला आणि जळका वास सुटला. आता दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट दाखवतात, स्पीकरची कॉइल गेली, फ्यूज मात्र एकच उडालाय. फ्यूज असून एवढं नुकसान कसं? कमी अँपियरचा घालू का? — एक वाचक, धायरी

उत्तर : तुमच्या फ्यूजनं त्याचं काम चोख केलं आहे. त्याच्यावर जे काम तुम्ही सोपवलं होतं ते त्याचं नव्हतंच, एवढंच.

फ्यूज म्हणजे आत ताणलेली एक बारीक तार. ती तापून वितळायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुम्हाला वाटतो त्याहून फार मोठा असतो. काचेच्या फ्यूजचं आंतरराष्ट्रीय मानक बघा : फास्ट म्हणून विकला जाणारा फ्यूज त्याच्या रेटिंगच्या २.१ पट करंटला अर्धा तास टिकला तरी तो नियमात बसतो. दहापट करंट गेला तर त्यानं २० मिलिसेकंदांत उडावं अशी अपेक्षा असते. म्हणजे तुमचा ५ अँपियरचा फ्यूज साडेदहा अँपियर मुकाट्यानं वाहून नेऊ शकतो, आणि चटकन उडावा असं वाटत असेल तर त्याला ५० अँपियर दाखवावे लागतात. ट्रान्झिस्टरच्या आतली सिलिकॉनची चकती एवढा वेळ थांबत नाही. तिचं तापमान मिलिसेकंदांच्या हिशेबात चढतं. फ्यूज हा पंचनामा करायला येणारा हवालदार आहे, घटना घडून गेल्यावर वेळेवर हजर.

आता तुमच्या वायरी चिकटल्या तेव्हा आत काय झालं ते पाहू, कारण इथे बहुतेकांची एक गफलत होते. ते फक्त करंट मोजतात. स्पीकर लावलेला असताना आउटपुट पार वरपर्यंत, समजा ३० व्होल्टपर्यंत गेलं, तर आठ ओहममधून पावणेचार अँपियर जातात. पण त्या क्षणी ट्रान्झिस्टरवर उरतात ३५ उणे ३०, म्हणजे ५ व्होल्टच. पाच गुणिले पावणेचार, एकोणीस वॅटसुद्धा नाहीत. वायरी शॉर्ट झाल्या की आउटपुट शून्यावर खिळतं आणि अख्खे ३५ व्होल्ट ट्रान्झिस्टरच्या डोक्यावर येतात. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटवर नजर ठेवून ते सुधारणाऱ्या सर्किटला, वाटतं आउटपुट कमी पडतंय, म्हणून तो आणखी जोर लावतो. करंट दहा अँपियर धरला, तरी ३५० वॅट. ५२०० च्या डेटाशीटवर १५० वॅट लिहिलेलं असतं, पण ते त्याची पाठ २५ अंशांवर असेल तर. तुमच्या घरातला हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टर गार ठेवणारा पत्रा, वाढदिवसाच्या दिवशी २५ अंशांवर नव्हता. पाठ ७५ अंशांना पोचली की हेच १५० वॅट ९० वर उतरतात. ३५ व्होल्टला भागा : अडीच अँपियरच्या जरा वर. त्यापुढे त्याला फार वेळ ठेवलं तर तो जाणार.

एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की फीडबॅक त्याला आवर घालायला दुसरा पूर्ण उघडतो, आणि तोही जातो. मग अधिक ३५ पासून उणे ३५ पर्यंत थेट रस्ता झाला. हा करंट दोन्ही फ्यूजमधून सारखाच जातो, पण दोन फ्यूज कधीच जुळे नसतात. त्यातला जरा कच्चा आधी उडाला, रस्ता तुटला, आणि दुसरा वाचला. तुमचा एकच फ्यूज का उडाला याचं उत्तर हे. आणि स्पीकर का गेला याचंही : शाबूत फ्यूजच्या बाजूचे ३५ व्होल्ट आता शॉर्ट ट्रान्झिस्टरमधून सरळ स्पीकरवर आले, कारण तोवर तुम्ही वायरी सोडवल्या होत्या. आठ ओहमच्या स्पीकरचा डीसी रेझिस्टन्स साडेसहा ओहमच्या आसपास असतो. त्यातून ५.४ अँपियर, म्हणजे जवळजवळ १९० वॅट, अखंड, एकाच दिशेनं. कागद पुढे येऊन थांबला तो म्हणून. ५.४ अँपियरला ५ चा फ्यूज कशाला उडेल?

कमी अँपियरचा घाला, पण त्यावर विसंबू नका. आठ ओहमवर पूर्ण आवाजाला प्रत्येक सप्लायमधून जाणारा करंट दोन अँपियरच्या आत असतो, तेव्हा अडीचचा फ्यूज पुरतो. ५ चा किटवाल्यानं दिला असेल, कारण वारंवार उडणाऱ्या फ्यूजची तक्रार दुकानात येते आणि जळालेल्या ट्रान्झिस्टरचं गिऱ्हाईक येतं. पण अडीचचा असता तरी तुमचा ५.४ अँपियर त्याच्या २.१६ पटच होता. म्हणजे अर्ध्या तासाच्या सवलतीच्या काठावर. तोवर कॉइलचा कोळसा.

ट्रान्झिस्टर वाचवायचा तर करंट ट्रान्झिस्टरच्या दारातच मोजायला हवा, आणि तिथल्या तिथे त्याचा बेस, म्हणजे त्याला चालवणारं टोक, आवळायला हवा. मोजायची पट्टी तुमच्याकडे आहेच : ते ०.२२ ओहमचे रेझिस्टर. त्यांच्यावर जितके व्होल्ट पडतात त्यावरून करंट कळतो. एक छोटा ट्रान्झिस्टर घ्यायचा, बीसी ५४६ चालेल. त्याचा एमिटर आउटपुटच्या वायरीला. त्याच्या बेसला ५२०० च्या एमिटरवरून १०० ओहममधून सिग्नल आणायचा, आणि बेसपासून आउटपुटपर्यंत १५० ओहम. कलेक्टर १एन४१४८ डायोडमधून ड्रायव्हरच्या, म्हणजे ५२०० ला चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या, बेसला, डायोडचं तोंड असं की करंट ड्रायव्हरच्या बेसकडून छोट्या ट्रान्झिस्टरकडे जाईल. छोट्याच्या बेसवर ०.६५ व्होल्ट आले की तो जागा होतो आणि ड्रायव्हरचा घास काढून घेतो. १०० आणि १५० च्या वाटणीत बेसवर साठ टक्के येतात, म्हणजे ०.२२ वर १.०८ व्होल्ट पडले पाहिजेत, म्हणजे ४.९ अँपियर. वाटणी न करता थेट जोडलंत तर ०.६५ भागिले ०.२२, तीनच्याही आत, आणि साध्या गाण्यालाही तुमचा अँप्लिफायर चिरकेल. उणे बाजूला हेच सगळं उलटं, बीसी ५५६ घालून. हा झाला करंट लिमिटर.

एक गोष्ट किटच्या नकाशांत सहसा सुटलेली दिसते. ड्रायव्हरच्या आधी जो व्होल्टेज वाढवणारा ट्रान्झिस्टर असतो, त्याच्या एका अंगाला ठरावीक करंटचा स्रोत असतो. त्या बाजूचा लिमिटर चालला तर तो फक्त तेवढे काही मिलिअँपियर गिळतो, काही बिघडत नाही. दुसऱ्या अंगाला तो ट्रान्झिस्टर स्वतः असतो, आणि त्याला कोणी अडवलेलं नसतं. त्या बाजूचा लिमिटर चालला की तो बिचारा लिमिटरमधूनच हवा तेवढा करंट ओढतो. आउटपुटची जोडी वाचते आणि मधला मरतो. त्याच्या एमिटरला ६८ ओहम आणि त्यावर नजर ठेवणारा आणखी एक छोटा ट्रान्झिस्टर घातला की त्याची मर्यादा साडेनऊ मिलिअँपियरवर येते. एकदोन रुपयांचे भाग आहेत. आळस करू नका.

हा लिमिटर म्हणजे अमरपट्टा नाही. शॉर्टमध्ये ४.९ अँपियरला ३५ व्होल्ट म्हणजे १७० वॅट, दोन ट्रान्झिस्टर आलटून पालटून वाहणार, म्हणजे प्रत्येकी सरासरी ८५. गरम हीटसिंकवर हे अगदी काठाशी आहे. तुम्हाला वायर सोडवायला किंवा रिलेला तुटायला काही सेकंदांची उसंत मिळते, तेवढीच. सप्लाय अधिक-उणे ५० किंवा त्याहून वर असेल तर एवढ्यानं भागत नाही. तिथे लिमिटरला ट्रान्झिस्टरवरचे व्होल्टही दाखवावे लागतात. सप्लायपासून छोट्याच्या बेसपर्यंत एक मोठा रेझिस्टर टाकून ते करतात, म्हणजे व्होल्ट जास्त असताना मर्यादा आपोआप खाली येते.

स्पीकरसाठी रिले निराळा लावा. यूपीसी १२३७ नावाची आठ पायांची आयसी खास याच कामाची आहे : आउटपुटला डीसी दिसला की रिले सोडते, चालू करताना थोडा उशीर लावते म्हणजे तो ‘धप्प’ आवाज येत नाही, आणि तिला ओव्हरलोड कळवण्यासाठी वेगळा पायही आहे. रिले जोडताना मात्र स्पीकर मधल्या, म्हणजे कॉमन टोकाला जोडा, अँप्लिफायर नॉर्मली ओपन टोकाला, आणि नॉर्मली क्लोज्ड टोक रिकामं न सोडता ग्राउंडला. बाजारातल्या साध्या रिलेवर २५० व्होल्ट एसीच्या खाली ३० व्होल्ट डीसी छापलेलं असतं, ते उगाच नाही. डीसी तोडताना टोकांमध्ये ठिणगी पेटून राहते, आणि तुमचे ३५ व्होल्ट त्या ठिणगीतूनही स्पीकरपर्यंत पोचतात. क्लोज्ड टोक ग्राउंडला असेल तर ती ठिणगी ग्राउंडला जाते, त्या मोठ्या करंटला फ्यूज खरोखर उडतो, आणि स्पीकर वाचतो. फ्यूजला त्याचं खरं काम इथे मिळतं. रिले मेला तरी चालेल, तो स्वस्त आहे.

नवी जोडी घेताना भाव फारच कमी असेल तर हात आखडा. ५२०० ची नक्कल फार होते. मी मेलेले ट्रान्झिस्टर फेकत नाही, पक्कड लावून फोडते आणि आतली चकती बघते. नकली मालात ती अस्सल मालातल्या चकतीच्या मानानं अगदी चिमुकली निघते. वरचा छापा मात्र झकास असतो. अशा जोडीला कुठलाच लिमिटर वाचवू शकत नाही.

प्रश्न : ताई, मी असाच करंट लिमिटर बसवलाय. सुरुवातीला आवाज स्वच्छ, पण अर्धा तास वाजवल्यावर ढोलाच्या ठोक्याला कडकड ऐकू येते. दुसरा स्पीकर काढला की थांबते. लिमिटर काढून टाकू का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : काढू नका. तो तुम्हाला खरं सांगतोय. दोन आठ ओहमचे स्पीकर समांतर लावलेत म्हणजे चार ओहम झाले. ३० व्होल्टच्या ठोक्याला साडेसात अँपियर लागतात, आणि तुम्ही कळवलेल्या रेझिस्टरांवरून तुमचा लिमिटर पाचच्या आसपास लावलेला दिसतो. तो ठोका कापणारच.

अर्ध्या तासानं का? सिलिकॉनचे ते ०.६५ व्होल्ट दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं घसरतात. लिमिटरचा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला चिकटून असेल आणि ५० अंशांनी तापला, तर तो ०.५५ लाच जागा होतो. ४.९ ची मर्यादा ४.२ वर आली. गारठ्यात जे ठोके सुटत होते ते आता सापडतात. हा दोष समजू नका. तापलेल्या ट्रान्झिस्टरला कमी करंट मिळावा हेच बरं. पण फार खुपत असेल तर छोट्याला हीटसिंकपासून दूर सरकवा.

कडकडीचं आणखी एक कारण. वूफर आणि क्रॉसओव्हर (जाडा-बारीक आवाज वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारं सर्किट) यांत कॉइल असतात, आणि कॉइलचा करंट अचानक तोडला की ती उलटा झटका देते. लिमिटर तोडतो अचानकच. तो झटका आउटपुटला सप्लायच्याही पलीकडे ढकलतो, कानाला कडकड ऐकू येते आणि ट्रान्झिस्टरला उलट व्होल्टेज बसतं. आउटपुटपासून दोन्ही सप्लायला एकेक १एन५४०४ उलट दिशेनं जोडा, म्हणजे एरवी ते बंद असतील आणि झटक्यालाच उघडतील. याशिवाय लिमिटर बसवणं मला पटत नाही.

आणि खरंच चार ओहम वाजवायचे असतील तर दुसरी जोडी वाढवा, प्रत्येक ट्रान्झिस्टरला त्याचा स्वतःचा ०.२२ द्या. साडेसात अँपियर दोघांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला पुन्हा पावणेचारच येतात, आणि लिमिटर आहे तसाच ठेवता येतो. ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक तेवढे पुरेत का ते मात्र आधी पाहा.

प्रश्न : दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये बल्ब लावा असं तुम्ही पूर्वी लिहिलं होतं. १०० वॅटचा साधा बल्ब दुकानात मिळत नाही, एलईडीचा लावला तर तो नुसता लुकलुकतो. — एक वाचक, वारजे

उत्तर : एलईडी बल्ब इथे निरुपयोगी. त्याच्या आत स्वतःचं सर्किट असतं, ते आपल्याच तंत्रानं करंट घेतं. आपल्याला हवी आहे ती टंगस्टनची तार, कारण तिचा गुण असा की गार असताना ती करंट सोडते आणि तापली की अडवते. २३० व्होल्ट, १०० वॅटचा बल्ब पूर्ण पेटला की ५२९ ओहम असतो. गार असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून सगळं ठीक असेल तर चालू करताना कॅपॅसिटर भरेपर्यंत बल्ब एकदा चमकतो आणि मंद होतो. आत शॉर्ट असेल तर तो लखलखीत पेटून राहतो, आणि काही झालं तरी अर्ध्या अँपियरच्या आतच करंट जातो. एवढ्यात नवे ट्रान्झिस्टर जळत नाहीत.

पिवळा बल्ब शोधा. पेठांमधल्या जुन्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत मागच्या फळीवर असतो, रविवारी जुन्या बाजारातही हाती लागतो. १०० चा नसेल तर ६० चे दोन समांतर लावा. होल्डर लाकडी फळीवर ठोका, बल्ब फेज वायरीत घ्या, न्यूट्रलमध्ये नको. आणि बल्ब लावलेला असताना स्पीकर जोडून गाणी वाजवू नका : आउटपुटला डीसी आहे का ते बघा, एमिटर रेझिस्टरवरचे मिलिव्होल्ट बघा, मग बल्ब काढा. बल्ब मंद असला तरी फळीवरच्या उघड्या स्क्रूंना २३० व्होल्ट असतातच, हे घरातल्या मुलांना आणि मांजरांना समजावता येत नाही. तेव्हा झाकण करा.

प्रश्न : फ्यूज सारखा उडतो म्हणून आमच्या इथल्या वायरमननं त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून दिली. आता उडत नाही. धोका आहे का? — एक वाचक, भोर

उत्तर : हो. आता उडेल तो ट्रान्सफॉर्मर. मेनच्या बाजूचा फ्यूज घर पेटू नये म्हणून असतो, आणि ते काम तो उत्तम करतो. आजच ती चांदी काढा.

२०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर २३० व्होल्टला ०.८७ अँपियर घेतो, पण चालू करायच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट, विशेषतः गोल टोरॉइडल असेल तर. तुमचा फ्यूज फक्त चालू करतानाच उडत असेल तर तो फास्ट जातीचा असणार. टोपीवर ‘टी’ अक्षर असलेला सावकाश जातीचा १.६ अँपियरचा घाला, ‘एफ’वाला नको. टोरॉइडलला तोही टिकला नाही तर प्रायमरीच्या, म्हणजे मेनच्या बाजूच्या, वायरीत एनटीसी थर्मिस्टर (गार असताना अडवणारा, तापला की सोडणारा रेझिस्टर) टाका. वाजता वाजता उडत असेल तर मात्र फ्यूजला दोष देऊ नका, आत काहीतरी बिघडलंय.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या अँप्लिफायरवर ‘कमीत कमी ४ ओहम’ लिहिलंय. आठ ओहमचे चार बॉक्स आहेत, गल्लीच्या दोन्ही टोकांना लावायचे आहेत. गेल्या वर्षी आरतीच्या वेळीच अँप्लिफायर बंद पडायचा आणि दहा मिनिटांनी आपोआप सुरू व्हायचा. — मंडळाचे कार्यकर्ते, कसबा पेठ

उत्तर : चारही समांतर लावले असतील, म्हणजे दोन ओहम. अँप्लिफायर तापून स्वतःला बंद करत होता, गार झाला की परत येत होता. आरतीच्याच वेळी, कारण आवाज तेव्हाच पूर्ण चढतो. तो बंद पडत होता म्हणूनच यंदा तुम्हाला तो जिवंत मिळालाय.

दोन-दोन बॉक्स सिरीजमध्ये, आणि त्या दोन जोड्या समांतर. पुन्हा आठ ओहम. किंवा अँप्लिफायर दोन चॅनेलचा असेल तर प्रत्येक चॅनेलवर दोन समांतर, चार ओहम, मर्यादेवर पण मर्यादेत.

वायरीचाही हिशेब करा. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मीटरला साडेसतरा मिलिओहमच्या आसपास. तीस मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे एक ओहमच्या वर. चार ओहमच्या बॉक्सांसाठी लावलीत तर पाचवा हिस्सा पॉवर वायर तापवण्यात गेली. अडीच चौरसची घ्या. आणि ती वायर मांडवाच्या लोखंडी पाइपाखालून चेपत नेऊ नका, बांबूवर खिळा मारून अडकवू तर नकाच. एका खिळ्यानं दोन्ही वायरी टोचल्या की झाला शॉर्ट. स्पीकर जोडायच्या आधी, अँप्लिफायर बंद ठेवून, त्याच्याकडच्या टोकाशी मल्टिमीटर लावून दोन वायरींमधला रेझिस्टन्स पाहायचा, आणि बॉक्स लावल्यावर पुन्हा. पहिल्यांदा उघडा दिसला पाहिजे, दुसऱ्यांदा नावाच्या ओहमपेक्षा थोडा कमी. हे काम एका माणसाला नेमून द्या. सगळ्यांचं काम कोणीच करत नाही, हे मंडळाला मी काय सांगायचं.

भाड्यानं आणलेले कर्णे असतील तर जपून. ते बहुधा १०० व्होल्ट लाइनवर चालणारे, आत ट्रान्सफॉर्मर असलेले असतात. १५ वॅटचा कर्णा त्या लाइनला ६६७ ओहम दिसतो, म्हणून असे पुष्कळ एका वायरीवर समांतर चालतात. त्याच लाइनला कोणी चार ओहमचा घरगुती बॉक्स जोडला, तर तो १०० व्होल्टला अडीच हजार वॅट मागतो. दोघांपैकी कोण आधी जाईल ते सांगता येणार नाही.

प्रश्न : मॉसफेटच्या अँप्लिफायरला करंट लिमिट लागत नाही असं दुकानदार म्हणतो. खरं का? — एक वाचक, हडपसर

उत्तर : अर्धं. मॉसफेट हा ट्रान्झिस्टरचाच एक प्रकार, बेस-एमिटरच्या जागी त्याला गेट-सोर्स. लॅटरल जातीचे मॉसफेट, २एसके१०५८ सारखे, तापले की भरपूर करंटला स्वतःच कमी वाहतात, त्यामुळे ते बरंच सोसतात. आयआरएफपी २४० जातीचे स्विचिंगसाठी केलेले असतात, त्यांना अँप्लिफायरच्या नेहमीच्या करंटला हे शहाणपण नसतं. दोन्हींच्या गेटला मात्र जपावंच लागतं : आयआरएफपी २४० च्या गेटला सोर्सच्या मानानं २० व्होल्टच्या पुढे नेलं की आतला पातळ थर फुटतो. गेट आणि सोर्समध्ये झेनर, म्हणजे ठरावीक व्होल्टला वाहू लागणारा डायोड, घाला. झेनर कमी व्होल्टचा निवडला की गेटला त्यापुढे जाता येत नाही, म्हणजे ओबडधोबड का होईना, करंटलाही लगाम बसतो. नेमकेपणा हवा असेल तर सोर्सच्या रेझिस्टरवर तोच छोटा ट्रान्झिस्टर.

प्रश्न : काकू, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला टीडीए २०३० चा छोटा अँप्लिफायर करतोय. सर म्हणतात ‘ओव्हरकरंट प्रोटेक्शन दाखवा’. आयसीत ते आधीच आहे असं मी वाचलंय. मग मी काय दाखवू? — एक विद्यार्थी, कोथरूड

उत्तर : आहे, आणि चांगलं आहे. २०३० च्या आत आउटपुट शॉर्टपासून रक्षण आहे आणि तापल्यावर बंद होण्याची सोयही. आउटपुट ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट आहेत ते पाहूनच आतला लिमिटर मर्यादा ठरवतो, म्हणजे वर धायरीच्या वाचकांना अधिक-उणे ५० साठी जे सांगितलं, ते तुझ्या आयसीत आयतं आहे. बाहेर आणखी एक लिमिटर चिकटवून सरांना खूश करू नकोस.

त्याऐवजी तो आतला लिमिटर चालताना दाखव. अधिक-उणे १२ चा प्रयोगशाळेतला सप्लाय घे, करंटची घुंडी दोन अँपियरवर ठेव. आयसीला हीटसिंक हवाच. एकेरी सप्लायचं सर्किट असेल तर त्याचा पत्रा ग्राउंडला असतो, पण तुझ्या दुहेरी सप्लायमध्ये तो उणे १२ ला असतो, तेव्हा मधे अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पापुद्रा घाल, नाहीतर हीटसिंक पेटीला टेकला की तूच शॉर्ट केलास. स्पीकरऐवजी आठ ओहमचा मोठा रेझिस्टर, मग चारचा, मग दोनचा. प्रत्येक वेळी ऑसिलोस्कोपवर आउटपुट बघ. आठला लाटेचं डोकं सप्लायजवळ पोचल्यावर चपटं होईल. तो साधा क्लिपिंग. दोनला ते कितीतरी खाली चपटं होईल, सप्लाय अजून दूर असताना. ते चपटं डोकं म्हणजे करंटची मर्यादा. आठ ओहमला किती व्होल्टवर कापलं आणि दोनला किती, हे लिहून त्याला ओहमनं भाग, आणि मग डेटाशीट उघड.

सप्लायची घुंडी दोनवरच का, हे सर विचारतीलच. कारण तीही एक लिमिटर आहे, आणि कापलं कोणी, आयसीनं की सप्लायनं, हे तुला सांगता आलं पाहिजे. सप्लायवरचा ‘सीसी’ दिवा, म्हणजे सप्लाय स्वतः करंट अडवतोय ही खूण, लागला तर ते रीडिंग खोडून टाक आणि घुंडी थोडी वाढवून पुन्हा घे.